पिवळ्या काठाच्या आणि नारिंगी काठाच्या

"बाई, या दोन जातींना तरी कळतं का, की आपण वेगळ्या आहोत?"

टकळीने हा प्रश्न विचारला तेव्हा सगळा वर्ग मत्स्यालयाच्या टाक्यांपुढे दाटीवाटीने उभा होता आणि निम्म्या वर्गाला भूक लागली होती. प्रश्न तिचा स्वतःचा होता, पण तो मोठ्याने विचारायचं खूळ मैत्रिणींचं. चष्मिष्टने कानात सांगितलं होतं की हिंमत असेल तर विचार, आणि हिंमतीचं नाव काढलं की यंदा टकळीला राहवत नसे. 'टकळी' हे नावही ताजंच होतं. गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात हजेरीपुरतं तोंड उघडायची. यंदा आपल्याला आवाज आहे असा तिला अचानक शोध लागला, आणि तेव्हापासून तो आवाज बंद व्हायचं नाव घेईना.

वर्ग खो खो हसला. मत्स्यालयातल्या शास्त्रज्ञ बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी टाकीच्या काचेवर बोट टेकलं, जरा वेळ आत बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांना कळतं. आपल्याला कळत नाही, ही खरी पंचाईत आहे. रविवारी ये."

हसणारे गप्प झाले. टकळीची मान तेव्हा जी ताठ झाली ती घरी जाऊन दप्तर काढेपर्यंत खाली आली नाही.

टाकीत होत्या समुद्री गोगलगाई. गोगलगाय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती पाठीवर घर घेऊन फिरणारी, ओल्या भिंतीवर चिकट रेघ ओढत जाणारी. या तशा नव्हत्या. यांनी घर टाकून दिलं होतं आणि वाचलेल्या पैशात कपडे केले होते, असं टकळीचं मत पडलं. पेरभर लांबीचं दुधी अंग, त्यावर जांभळे ठिपके, डोक्यावर दोन शिंगं, पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा फुलासारखा झुबका, आणि सगळ्या अंगाभोवती फिरून आलेला एक रंगीत काठ. काहींचा पिवळा, काहींचा नारिंगी. टाकीवर दोन जातींची दोन लांबलचक नावं लावलेली होती. पण पाणबुड्यांनी धक्क्याच्या भिंतीवरून या सगळ्या एकाच डब्यात आणल्या होत्या, आणि कुठलं नाव कुणाचं हे छातीठोकपणे सांगणारं कुणी नव्हतं. आतापर्यंत खात्री करायची तर एकच रस्ता होता. गोगलगाय कापायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे दात बघायचे.

"दात बघितले की नक्की कळतं," बाई रविवारी म्हणाल्या. "पण दात बघितलेली गोगलगाय पुन्हा चालत नाही. मी खूप कापल्यात. आता मला जिवंतपणी ओळखायच्या आहेत. तू नुसतं बघत बस आणि मला दोन वाटे करून दे."

नुसतं बघत बसायचं, हे काम टकळीला कुणी आजवर दिलं नव्हतं. उलट ते केल्याबद्दल बोलणीच खाल्ली होती.

पण बघत बसायला आधी आत जायला हवं, आणि आत जायला पास हवा. आवक-जावकच्या टेबलावर एक भाऊसाहेब होते, ज्यांच्या खणात जगातल्या सगळ्या माणसांसाठी मिळून तीन प्रकारचे पास होते. प्रेक्षकाचा पास काचेपुढे चालायचा, काचेमागच्या खोलीत नाही. कर्मचाऱ्याच्या पासाला नोकरी लागायची, आणि नोकरीला वय. उरला मालाचा पास. भाऊसाहेबांनी टकळीकडे, मग पासाकडे, मग पुन्हा टकळीकडे बघितलं आणि चष्मा पुसून लिहायला घेतलं. मालाचे वर्णन, मुलगी. नग, एक. परत नेण्याजोगा, होय. पुढचा रकाना 'फुटण्याजोगा' असा होता. तिथे ते थांबले आणि त्यांनी अगदी सरळ चेहऱ्याने तिला विचारलं. टकळीने नाही म्हणून ठणकावून सांगितलं. तिच्यामागे उभे असलेले बाबा हळूच म्हणाले, "होय लिहा हो. नंतर भानगड नको."

मालाच्या पासाची एक अट होती. ज्याने माल आणला त्यानेच तो संध्याकाळी सही करून परत न्यायचा. त्यामुळे दर रविवारी बाबांना मत्स्यालयात यावं लागणार, हे त्या क्षणी ठरून गेलं. टकळीला माल ठरल्याचं दुःख इतकं मोठं होतं की या गोष्टीकडे तिचं लक्षच गेलं नाही.

बातमी इमारतीत पोचायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब जिन्यात भेटले आणि गोगलगाईंवर एकच जालीम उपाय आहे, मीठ टाका, असं सांगते झाले. या समुद्रात राहतात, मीठ हेच त्यांचं घर आहे, असं टकळीने समजावलं. साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मीठ जरा जास्त टाका म्हणाले. चेअरमनकाकांनी वेगळीच शंका काढली. एकही गोगलगाय इमारतीत येणार नाही असं त्यांना लेखी हवं होतं. आईने ते एका ओळीत लिहून दिलं. काकांनी ते परत पाठवलं, कारण त्यात शंख असलेल्या आणि नसलेल्या असा स्पष्ट उल्लेख नव्हता.

बाबा रंगाच्या दुकानात काउंटरवर होते, भिंतींच्या रंगाच्या. तिथे त्यांचा दरारा होता. भिंतीला जोड लावायची म्हणून कुणी रंगाचा टवका पुडीत बांधून आणला तर बाबा पुडी उघडतसुद्धा नसत. जुना डबा आणा, डब्यावरचा नंबर सांगा, नंबराशिवाय बोलू नका. लोक कुरकुरत परत जायचे, डबा घेऊन यायचे, आणि रंग असा जुळायचा की जोड शोधून सापडू नये. इतका काटेकोर माणूस सगळ्या बाजारात नाही, असं दुकानाचे शेठ चारचौघांत सांगत.

तेव्हा टकळीने बाबांकडे रंगांच्या नमुन्यांचं शेड कार्ड मागितलं यात नवल नव्हतं. काठाचा रंग कार्डाशी ताडून बघायचा, जवळचा नंबर धरायचा, अमुक नंबरापर्यंत पिवळ्या, पुढे नारिंगी. तिला वाटलं, आपल्या युक्तीवर बाबा खूश होतील. बाबांनी मुकाट्याने कार्ड आणून दिलं, एवढंच.

तसे ते त्या दिवसांत घुम्यासारखेच वागत होते. कंपनीचा माणूस दुकानात येऊन नवी शेड कार्डं देऊन गेला होता. आकडे रुक्ष वाटतात, गिऱ्हाइकाला भावना हवी, असं कंपनीचं म्हणणं. त्यामुळे नव्या कार्डावर नंबर नव्हतेच. नावं होती. 'मधाची पहाट', 'ओली वाळू', 'रुसलेली कळी'. तीन महिन्यांनी जुनी कार्डं परत जाणार होती, डब्यांवरही यापुढे नावंच येणार होती, आणि कुठला जुना नंबर कुठल्या नावाचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाबा जेवण झाल्यावर ते नवं कार्ड घेऊन बसत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उलटंपालटं करावं तसं ते करत. आईने एकदा विचारलं, काय बघताय एवढं. बाबा म्हणाले, नावं पाठ करतोय. टकळीला वाटलं, बाबांना कवितेचा राग आहे. तिला स्वतःला ती नावं इतकी आवडली की दोन-तीन गोगलगाईंना तिने ती देऊनही टाकली.

पुढच्या रविवारपर्यंत तिचे वाटे तयार होते. पिवळ्या डाव्या टाकीत, नारिंगी उजव्या टाकीत, आणि मधल्या सायीच्या रंगाच्या काही तिने धाडस करून डावीकडे घातल्या. बाईंना तिने हे सगळं असं उभं राहून सांगितलं की भाऊसाहेबही दारात येऊन ऐकत थांबले. बाईंनी चांगलं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. बघू या, एवढंच म्हणाल्या. टकळीने त्याचा अर्थ 'चांगलं' असा लावला, आणि चष्मिष्टला सांगेपर्यंत त्याचं 'अप्रतिम' झालं होतं.

त्यानंतरच्या रविवारी ती खोलीत शिरली आणि जागच्या जागी थबकली. डाव्या टाकीतल्या सगळ्या पिवळ्या नारिंगी झाल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. उजवीकडच्या तर जवळजवळ लाल दिसत होत्या. रोग, चमत्कार आणि कुणीतरी मुद्दाम केलेली अदलाबदल अशा तीन शक्यता तिने धापा टाकत बाईंपुढे मांडल्या. बाईंनी वर बोट दाखवलं. आठवड्यात इलेक्ट्रिशियन येऊन गेला होता. जुन्या ट्यूबलाइटच्या नळ्या काढून त्याने उबदार उजेडाचे नवे दिवे लावले होते, प्रेक्षकांना बरं वाटावं म्हणून.

टकळी स्टुलावर बसली. शेड कार्ड हातात धरून बघितलं तर कार्डावरचेही रंग बदललेले. म्हणजे तिने जे शोधलं होतं त्यातलं किती गोगलगाईंचं आणि किती नळीचं, हे सांगायला आता काही मार्गच उरला नव्हता. आई शिवण करते. दोऱ्याचा रंग बघायचा तर ती रीळ घेऊन नेहमी खिडकीशी जाते, दिव्याखाली कधी बघत नाही. हे टकळीने लहानपणापासून हजारदा पाहिलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. ती रडली नाही. पण तिचं बोलणं बंद झालं, जे तिच्या बाबतीत जास्त गंभीर होतं.

संध्याकाळी बाबा माल न्यायला आले तेव्हा माल स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि उठायला तयार नव्हता. बाबांनी दुसरं स्टूल ओढलं. समजूत घालणं त्यांना कधी जमत नसे, म्हणून ते टाकीकडे बघत राहिले.

मग ते म्हणाले, "ही बघ, ही चुकीच्या घरात राहिलीय. आणि ती मागची पण."

टकळीने मान न वळवता विचारलं, कशावरून.

"चाल बघ की. ही चालताना काठ उचलते, टाकते. पुन्हा उचलते, टाकते. चिखलातून जाताना परकर सावरावा तशी. आणि या बाकीच्या नुसत्या सरकतात. काठ जागचा हलत नाही."

टकळी वळली. तिला ते दिसेना. तिला दिसत होते ते फक्त रंग, भरमसाट, एकमेकांत मिसळलेले. बाबा बोट दाखवत होते, ही, आणि ती, आणि दगडाखालची ती. "पण बाबा, ती नारिंगी आहे," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "असेल."

त्या 'असेल'मध्ये काहीतरी होतं. टकळीने बाबांकडे बघितलं. मग टाकीतल्या एकीकडे बोट करून, का कोण जाणे, अगदी हळू आवाजात विचारलं, "बाबा, हिचा काठ कुठल्या रंगाचा आहे?"

बाबांनी टाकीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि ते नुसते हसले. काउंटरवर गिऱ्हाइकाला डबा आणायला सांगताना हसत तसंच. टकळीला ते हसू आजवर करारी वाटत आलं होतं.

घरी जाताना रस्त्यात त्यांनी सांगितलं. लाल, हिरवा, नारिंगी, तपकिरी आणि यांच्या मधलं पुष्कळसं त्यांना एकाच गल्लीतलं दिसतं. नोकरी लागली तेव्हा दुसरी मिळत नव्हती आणि शेठनी काही विचारलं नव्हतं. मग नंबर पाठ केले. नंबर कधी दगा देत नाहीत. हे सांगताना ते दुकानांच्या पाट्यांकडे बघत चालले होते. आईला कळू देऊ नकोस, असंही म्हणाले.

आईला अर्थात माहीत होतं. टकळीने तोंडावर हात ठेवून, खूप प्रयत्न करून, घरात शिरल्यावर चहा होईपर्यंत दम धरला आणि मग सांगून टाकलं. आईने सुईत दोरा ओवत सांगितलं की लग्नाआधी पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा हे माझा हिरवा स्वेटर बघून चॉकलेटी रंग तुला शोभतो म्हणाले होते. मी तेव्हाच ओळखलं. बाबा विचारू लागले की मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. आई म्हणाली, तुम्ही इतकं मन लावून लपवत होतात, मध्ये कशाला बोलायचं. बाबा नवं कार्ड घेऊन बसले आणि त्या दिवशी टकळीला पहिल्यांदा दिसलं, की त्यांना कवितेचा राग नव्हता. त्यांना भीती वाटत होती.

पुढच्या वेळी तिने बाबांच्या म्हणण्याची परीक्षा घेतली. मोबाइलचा पडदा काळापांढरा करून तिने टाकीपुढे धरला. रंग गेले. आणि मग, अगदी कुणीतरी पडदा बाजूला केल्यासारखं, तिला दिसलं. काही गोगलगाई काठ उचलत होत्या, टाकत होत्या, एका लयीत, कुठलीच घाई नसल्यासारख्या. काही नुसत्या सरकत होत्या. पिवळ्यांत दोन्ही होत्या आणि नारिंगींतही दोन्ही. पिवळं-नारिंगी हा मुळी त्यांचा प्रश्नच नव्हता, तो बघणाऱ्यांनी त्यांच्या गळ्यात घातला होता.

टकळीने बाबांचं नाव न घेता बाईंना चाल तेवढी दाखवली. बाईंनी टाक्या चालीप्रमाणे नव्याने लावल्या आणि वाट बघितली. काही आठवड्यांनी गोगलगाईंनी अंडी घातली. अंडी म्हणजे एक नाजूक फीत असते, गुंडाळत नेलेली. काठ उचलणाऱ्यांची फीत दगडावर उभी होती, सरकणाऱ्यांची आडवी पसरलेली. बाबांची एक गोगलगाय चुकली होती. ती आजारी होती आणि चालतच नव्हती, त्यामुळे तिची चाल कळायला मार्ग नव्हता. बाई म्हणाल्या, एवढी चूक मलाही परवडते.

आणि मग बाईंनी ते सांगितलं ज्याची टकळी, खरं बोलायचं तर, पहिल्या दिवसापासून वाट बघत होती. टाकीवर नवी पाटी लागणार होती. ओळखायची रीत आणि शोधणाऱ्याचं नाव. येत्या रविवारी मत्स्यालयाच्या समितीपुढे तिने उभं राहून सांगायचं, हे आपल्याला कसं दिसलं. समितीत कोण कोण आहे हे भाऊसाहेबांनी कौतुकाने सांगितलं. टाक्यांच्या खोलीला ज्यांनी फुकट रंग दिला ते बाबांच्या दुकानाचे शेठ पहिल्या रांगेत बसणार होते.

बाबांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले की तू छान बोल, माझं नाव मात्र मध्ये आणू नकोस. एवढा महिना जाऊ दे. पण या महिनाअखेरीला नवी कार्डं लागू होणार, हे ते स्वतः विसरले नव्हते आणि आता टकळीलाही विसरता येत नव्हतं.

चष्मिष्टला यात काही अवघड दिसेना. टकळीने तिला बाबांचं काही सांगितलं नव्हतं, फक्त मोबाइलचं सांगितलं होतं. मग तेच सांग ना, ती म्हणाली, पडदा काळापांढरा केला आणि दिसलं. खोटं कुठंय त्यात? नव्हतंच. म्हणूनच टकळीला ते इतकं चांगलं वाटलं. तिने आरशापुढे उभं राहून ते म्हणून बघितलं. आवाज खणखणीत लागला. हातवारे जमले. शेवटी जरा थांबून समितीकडे बघायचं तेही जमलं. पण प्रत्येक वेळी 'मला दिसलं' या शब्दांपाशी तिला स्टुलावर बसलेले बाबा दिसत, आणि तिथून पुढे वाक्य जाईना. तिने दुसऱ्या तऱ्हेने सांगून बघितलं, बाबांचं सगळं सांगून. ते आणखी सुंदर झालं. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल इतकं सुंदर. पण ते ऐकून पहिल्या रांगेतले शेठ बाबांना दुकानात ठेवतील का, हे तिला सांगता येईना. एका तऱ्हेत बाबांचं काहीतरी चोरलं जात होतं, दुसऱ्या तऱ्हेत बाबांचं काहीतरी उघडं पडत होतं, आणि टाळ्या दोन्हीकडे तिलाच.

एवढा आवाज सापडला आणि त्याला बोलायला जागा नाही, हा अन्याय होता. शुक्रवारी सबंध दुपार ती त्या अन्यायावर चिडून होती. संध्याकाळी चिडणं संपलं. तिने बाईंना फोन केला. फोन थोडाच वेळ चालला.

बाबा दुकानातून आले, तिघं जेवायला बसली. टकळी बराच वेळ काही बोलली नाही तेव्हा आईने तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

"मी ठरवलंय," टकळी म्हणाली. "रविवारी मी एवढंच सांगणार आहे, की रंगावरून मी केलेले वाटे चुकले, आणि कसे चुकले. तेवढं माझं आहे. चाल माझी नाही. बाईंना मी सांगितलं, ती ज्याला दिसली तो माणूस अजून तयार नाही, पाटी कोरी ठेवा. त्या म्हणाल्या ठेवते. त्या पाटीवर माझं एकटीचं नाव मी लावू देणार नाही, तुम्ही म्हणालात तरी नाही."

बाबांनी उचललेला पाण्याचा पेला पुन्हा खाली ठेवला.

"आणि बाबा, शेठना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण सांगणार असाल तर त्या दिवशी मी शाळा बुडवून दुकानात येणार. तुमच्या शेजारी उभी राहीन. एक शब्द बोलणार नाही."